मुलांचा ताप, विषाणू आणि वेळेचे मोल
(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक मेळाव्यात शिक्षकाने बोलावयाचे म्हणजे निकाल, गृहपाठ आणि शिस्त यांवर बोलावयाचे, असा रिवाज आहे. आज मी मुलांच्या आजारपणावर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला, भाषा शिकविणारा मास्तर आहे. परंतु हजेरीपट आमच्या हाती असतो. पावसाळ्यात आणि थंडीत त्यावर गैरहजेरीच्या खुणा दाट होतात. बहुतेक मुले चार-पाच दिवसांनी खोकत-खोकत का होईना, वर्गात परत येतात. क्वचित एखादे मूल मात्र परत येत नाही. किंवा परत येते ते पूर्वीचे राहिलेले नसते. मग पालक आम्हाला विचारतात, "सर, ताप तर साधाच होता ना?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी गेले काही महिने वाचन केले, जाणत्या डॉक्टरांना भेटलो आणि शंका विचारल्या. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे साध्या भाषेत ठेवतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. ताप हे रोगाचे नाव नव्हे. तो रोगाचा निरोप आहे. निरोप कोणाकडून आला आहे, हे पाहावे लागते. कधी तो जिवाणूंकडून येतो, ज्यांना इंग्रजीत बॅक्टेरिया म्हणतात. कधी विषाणूंकडून, म्हणजे व्हायरसकडून. जिवाणू हा लहान असला तरी स्वतंत्र संसार करणारा जीव आहे. अँटिबायोटिक औषधे त्याच्या संसारावर घाव घालतात. विषाणूला स्वतःचा संसारच नसतो. कोकिळा घरटे बांधीत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते आणि कावळीण ती आपली समजून उबविते, हे आपण लहानपणी वाचले आहे. विषाणूचे तसेच आहे. तो आपल्या शरीरातील पेशीत शिरतो आणि त्या पेशीकडूनच स्वतःच्या हजारो प्रती तयार करवून घेतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. म्हणून सर्दी-पडशाच्या तापात डॉक्टरांकडे "एक भारी गोळी द्या, एक सुई टोचा" असा आग्रह धरण्यात अर्थ नसतो. दुसरी, विषाणूवर औषध शोधणे फार अवघड असते. कोकिळेचे अंडे तर काढावयाचे, पण कावळ्याचे घरटे मोडावयाचे नाही, असे हे काम आहे. विषाणूला मारील ते औषध पेशीलाही मारील, असे कित्येक वर्षे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटत होते.

ही समजूत ज्यांनी खोटी पाडली, त्यांत एका शिक्षिकेचा वाटा मोठा आहे, हे सांगताना मला विशेष आनंद होतो. गर्ट्रूड इलियन हे तिचे नाव. १९१८ साली न्यूयॉर्क येथे, परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबात तिचा जन्म झाला. वडील दंतवैद्य होते. १९२९ च्या मंदीत घरची पुंजी बुडाली. शहरातील हंटर कॉलेजात मुलींना फी नव्हती, म्हणून तिचे शिक्षण होऊ शकले. १९३७ साली ती रसायनशास्त्राची पदवीधर झाली, पण प्रयोगशाळेत स्त्रीला घेण्यास कोणी तयार होईना. तेव्हा तिने शाळेत रसायन व भौतिकशास्त्र शिकविले आणि नोकरी सांभाळून १९४१ साली एम.एस्सी. पदवी मिळविली. १९४४ साली ती एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. नोकरी सोडून पूर्ण वेळ अभ्यास करणे परवडणारे नव्हते, म्हणून तिची पीएच.डी. अपुरीच राहिली. अशा या बाईंना १९८८ साली जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासमवेत वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मुली शाळेच्या पुढे कशाला शिकवावयाच्या, असे ज्यांना वाटते त्यांनी ही हकीकत घरी जाऊन जरूर सांगावी. त्या एका मुलीच्या शिक्षणाचा लाभ आज जगातील असंख्य मुलांना होत आहे.

इलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून जे औषध पुढे आले त्याचे नाव असायक्लोव्हिर. ते हर्पिस या कुळातील विषाणूंवर चालते. त्याची करामत मुलांना सहज समजेल अशी आहे. विषाणू आपली प्रत काढतो म्हणजे मणी ओवून एक लांबलचक माळ तयार करतो. असायक्लोव्हिर हा त्याच्या मण्यासारखाच दिसणारा, पण एकाच बाजूला भोक असलेला मणी आहे. तो माळेत ओवला की पुढचा मणी बसत नाही. माळ तेथेच थांबते. आणि खरी खुबी पुढेच आहे. हे औषध शरीरात निद्रिस्त असते. हर्पिसच्या विषाणूपाशी एक विशिष्ट द्रव्य असते, तेच या औषधाला जागे करते. म्हणून विषाणू शिरलेल्या पेशीत औषध काम करू लागते आणि निरोगी पेशीला बहुतेक धक्का लागत नाही. अमेरिकेत १९८२ साली या औषधाला मान्यता मिळाली.

आता याची मुलांना गरज केव्हा पडते ते पाहू. हर्पिसचा साधा विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. तापानंतर ओठांच्या कडेला जे बारीक पाण्याचे फोड उठतात, ते त्याचेच. आठवडाभरात ते जातात, आपण विसरतो. परंतु क्वचित, लाखो माणसांत वर्षाला दोन-चार इतक्या क्वचित, हाच विषाणू मेंदूत शिरतो आणि मेंदूला सूज आणतो. अशा रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश वीस वर्षांच्या आतील असतात. औषध नव्हते त्या काळी अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे सत्तर दगावत. १९८६ साली अमेरिकेत जुने औषध आणि असायक्लोव्हिर यांची तुलना प्रसिद्ध झाली. जुन्या औषधावर शंभरात ५४ मृत्यू, तर असायक्लोव्हिरवर २८. आणि ज्यांना शुद्ध हरपण्यापूर्वी, पहिल्या काही दिवसांतच औषध मिळाले, त्यांच्यात मृत्यू याहूनही पुष्कळ कमी झाले. औषध तेच आणि मात्राही तीच. फरक केवळ वेळेचा होता.

म्हणून आज डॉक्टर तपासणीच्या निकालासाठी थांबत नाहीत. ताप आणि त्याबरोबर झटके, गुंगी किंवा भ्रम असा मुलगा आला आणि मेंदूज्वराचा संशय वाटला, की ते शिरेतून असायक्लोव्हिर सुरू करतात. पाठीच्या कण्यातील पाणी तपासून नंतर खात्री करून घेतात. अनेक पालक कण्यातील पाणी काढण्यास घाबरतात, मूल लुळे पडेल असे म्हणतात. पाणी पाठीच्या ज्या खालच्या भागातून काढतात तेथे मज्जारज्जू संपलेला असतो. म्हणून या तपासणीने मूल लुळे पडत नाही. ती केव्हा करावयाची आणि केव्हा थांबावयाचे, हे डॉक्टर जाणतात. शिरेतील हे औषध दर आठ तासांनी, दोन ते तीन आठवडे द्यावे लागते. मूल चौथ्या दिवशी हसू-बोलू लागले म्हणून त्याला घरी नेऊ नये. औषध अर्धवट सुटले तर दबलेला रोग पुन्हा उसळू शकतो. गोळ्यांनी हे काम भागत नाही, कारण गोळीतून मेंदूपर्यंत पुरेसे औषध पोहोचत नाही.

माझ्या पाहण्यातील एका मुलाविषयी सांगतो. सहावीत होता, पाठांतरात पहिला. दोन दिवस ताप आला. तिसऱ्या दिवशी तो असंबद्ध बोलू लागला, आईला ओळखेना. घरच्यांना वाटले, बाहेरची बाधा झाली. झाडफूक, तावीज, पढलेले पाणी यांत दोन दिवस गेले. झटके आले तेव्हा इस्पितळात नेले. डॉक्टरांनी शर्थ केली, मुलगा वाचला. काही महिन्यांनी तो वर्गात आला तेव्हा अंगाने धडधाकट दिसत होता. परंतु सकाळी शिकविलेली कविता त्याला दुपारी आठवत नसे. हा विषाणू मेंदूच्या ज्या भागावर मुख्यतः घाव घालतो, तेथेच स्मरणशक्तीचे ठाणे आहे. वर्गातल्या मुलांनी आपण होऊन पाळी लावली. रोज एकाने त्याच्या वहीत गृहपाठ लिहून द्यावयाचा. त्या कुटुंबाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांना जे कळले ते त्यांनी मायेपोटीच केले. मात्र आपल्याला आज अधिक कळले आहे, तेव्हा आपण अधिक केले पाहिजे. दुआ आपण सर्वच करतो. ती घरातून निघताना करावी, रस्त्याने करावी, इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून करावी. परंतु दुआसाठी निघण्याचे थांबू नये.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर घड्याळ आणखी वेगाने चालते. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात बाळाला हर्पिसची लागण झाली तर ती सर्व अंगात पसरू शकते. उपचाराविना अशा शंभर बाळांतील ८० हून अधिक दगावत. असायक्लोव्हिरच्या मोठ्या मात्रेने हे प्रमाण शंभरात ३० च्या आसपास आले. ही लागण बहुधा बाळंतपणात आईकडून होते, पण केव्हा केव्हा घरच्या माणसांच्या तोंडातूनही होते. आपल्याकडे बाळ पाहावयास, अकिक्यास सारे गोत जमते आणि जो तो बाळाचा मुका घेतो. ज्याच्या ओठावर फोड आहेत त्याने बाळाचा मुका घेऊ नये आणि आपल्या तोंडातील काही त्याच्या तोंडात घालू नये, मग तो घरातील कितीही वडीलधारा असो. हे सांगण्याचे धैर्य सासूबाईंनी दाखवावे. नव्या सुनेच्या तोंडून ते निघणे कठीण असते. आणि एवढ्या लहान बाळाला ताप आला, ते दूध ओढेना किंवा अंग थंड पडून मलूल झाले, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.

आता दुसऱ्या विषाणूकडे वळू. तो म्हणजे इन्फ्लुएंझा. २००९ साली स्वाइन फ्लू नावाने त्याची साथ जगभर पसरली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये भारतातील पहिला मृत्यू आपल्या पुण्यात, एका शाळकरी मुलीचा झाला. शाळा बंद झाल्या, मुखपट्ट्यांसाठी रांगा लागल्या, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. तेव्हा टॅमिफ्लू हे नाव घरोघरी पोहोचले. त्यातील औषधाचे नाव ओसेल्टामिव्हिर. त्याची तऱ्हा वेगळी आहे. नवे विषाणू तयार झाल्यावर पेशीतून बाहेर पडण्यासाठी जी कात्री वापरतात, ती हे औषध बोथट करते. विषाणू त्या पेशीलाच चिकटून अडकून पडतात आणि फैलाव मंदावतो. गंमत अशी की हे औषध तयार करण्यास लागणारे मूळ द्रव्य बरीच वर्षे चक्रीफुलापासून काढीत असत; तेच चक्रीफूल जे आपण बिर्याणीत घालतो. म्हणून बिर्याणीने फ्लू बरा होतो असे मात्र कोणी समजू नये. फुलापासून औषधापर्यंत रसायनशास्त्राच्या पुष्कळ पायऱ्या आहेत.

हे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा गुण सर्वांत चांगला येतो. बहुतेक धडधाकट मुलांना फ्लूत त्याची गरज पडत नाही. विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉल पुरते. पण दोन वर्षांच्या आतील मूल, दम्याचे, हृदयविकाराचे किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी असलेले मूल, आणि ज्याला धाप लागली आहे असे कोणतेही मूल यांना डॉक्टरांकडे नेण्यास विलंब करू नये. इस्पितळात दाखल झालेल्या गंभीर मुलाला ४८ तास उलटून गेले तरी हे औषध देतात. फ्लू किंवा कांजिण्या असलेल्या मुलाला घरातील ॲस्पिरिन कधीही देऊ नका. त्यातून यकृत आणि मेंदू यांना इजा करणारा एक भयंकर विकार उद्भवू शकतो.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. असायक्लोव्हिर फ्लूवर चालत नाही आणि टॅमिफ्लू हर्पिसवर चालत नाही. जितकी कुलपे तितक्या किल्ल्या. शेजारच्या मुलाला दिलेल्या गोळ्या आपल्या मुलाला देणे म्हणूनच निरर्थक आणि धोक्याचे आहे.

काही वेळा तर औषधाची वेळ मुलाच्या जन्मापूर्वीच सुरू होते. १९९४ साली असे सिद्ध झाले की एच.आय.व्ही. असलेल्या मातेला गरोदरपणात व प्रसूतीच्या वेळी आणि नंतर बाळाला झिडोव्ह्युडिन हे औषध दिले, तर बाळाला लागण होण्याचे प्रमाण शंभरात सुमारे २५ वरून सुमारे ८ वर येते. पुढे अनेक औषधे एकत्र देऊन ते आणखी खाली आणता आले. आपल्या देशात २००४ पासून सरकारी केंद्रांतून ही औषधे मोफत मिळू लागली. म्हणून गरोदरपणातील रक्ततपासणीस लाजून किंवा भिऊन नकार देऊ नये. तपासणी टाळली म्हणून विषाणू टळत नाही. बाळाची संधी तेवढी हुकते.

बंधू-भगिनींनो, औषधांची एवढी स्तुती केल्यावर त्यांची मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे. पुष्कळ विषाणूंवर आजही नेमके औषध नाही. आपल्या नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावात १९६५ साली तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. त्या गावाचेच नाव त्याला मिळाले. भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या बारीक वालुमाशीच्या चाव्याने तो पसरतो आणि मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. २००३ साली आंध्र प्रदेशातील साथीत ३२९ मुले आजारी पडली, त्यांतील १८३ दगावली. त्या वर्षी महाराष्ट्रातही साथ होती, आणि २०२४ साली गुजरातमध्ये तो पुन्हा दिसला. त्यावर औषध नाही. तरीही लवकर नेलेल्या मुलाचे झटके थांबविणे, श्वास चालू ठेवणे, मेंदूची सूज आटोक्यात ठेवणे हे इस्पितळात करता येते, घरी करता येत नाही. शिवाय हा मेंदूज्वर चांदीपुराचा की हर्पिसचा, हे घरी बसून कोणालाच ओळखता येणार नाही.

गोवराचेही तसेच. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात आणि भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली. लहान मुले दगावली. ही नावे आपल्याला परकी नाहीत. तेथे आपले नातेवाईक राहतात. गोवराच्या विषाणूला मारणारे खात्रीचे औषध नाही. डॉक्टर जीवनसत्त्व 'अ' च्या मात्रा देतात, त्याने डोळे आणि प्राण वाचण्यास मदत होते. खरा इलाज म्हणजे लस. ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसऱ्यांदा, सरकारी केंद्रात मोफत मिळते. ज्या रोगावर औषध नाही पण लस आहे, तेथे लस चुकविणे म्हणजे दार उघडे टाकून चोराला बोलावणे होय.

तर मग आपण काय करावयाचे? मी फळ्यावर लिहितो तसे थोडक्यात सांगतो. तापाबरोबर पुढील गोष्टी दिसल्या तर थांबू नका: झटका येणे, मूल जागे न राहणे किंवा जागे करूनही गुंगीत जाणे, असंबद्ध बोलणे, माणसे न ओळखणे, वागणे एकाएकी बदलणे, मान ताठ होणे, एक हात किंवा पाय दुबळा पडणे, श्वास जलद चालणे, छाती आत ओढली जाणे, ओठ निळे पडणे, पाणी न पिणे आणि लघवी न होणे. अशा वेळी मुलांचे डॉक्टर असलेल्या इस्पितळात न्या. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करा; महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत येते.

जाताना एका कागदावर लिहून न्या: ताप कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी सुरू झाला, झटका किती वाजता आला, कोणती औषधे दिली, कोणत्या लसी झाल्या. घरात लिहिणारे कोणी नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला लिहावयास सांगा. विद्यार्थी मित्रांनो, निबंध लिहिता येतो, तर हा कागदही लिहिता आला पाहिजे. त्या चार ओळींवरून डॉक्टरांचा मौल्यवान अर्धा तास वाचू शकतो.

आणि एक विनंती पुरुष मंडळींना. मुलाच्या उशाशी रात्रभर आई बसलेली असते. "याची नजर आज वेगळीच दिसते" असे ती म्हणते, तेव्हा तिला यंत्राशिवाय काहीतरी दिसलेले असते. सकाळी पाहू, वडीलधारे आल्यावर ठरवू, दुकान बंद करून येतो, असे म्हणून तिला थांबवू नका. बहुतेक वेळा तिची भीती खोटी ठरेल, डॉक्टर हसून घरी पाठवितील, रिक्षाचे पैसे वाया जातील. ते आनंदाने जाऊ द्यावेत.

 संस्थेतील सर्व मुलांना अल्लाह आरोग्य देवो, ही दुआ करतो. खुदा हाफिज.